घरची शाळा : कासवाला शिकवलेला शब्द



मोबाईल आता आपल्या घराघरांत आला आहे. शाळेत 'कोडिंग' हा शब्द मुलांच्या कानावर पडू लागला आहे. मग एखाद्या संध्याकाळी मुलगी विचारते, "आई, मी कॉम्प्युटरचं शिकू का? मला जमेल का?" आई चार घरची कामे उरकून आलेली असते, बाप साइटवरून नाहीतर कंपनीतून आलेला असतो. दोघे एकमेकांकडे पाहतात आणि म्हणतात, "बाळा, ते इंग्रजी शिकलेल्यांचं काम. आपल्याला कुठं जमणार?"

दार तिथेच बंद होते. कोणी हाकलले नाही, कोणी नको म्हटले नाही, तरी मुलगी बाहेर राहिली.

आज आम्हाला या दाराबद्दलच बोलायचे आहे. संगणकाला काम सांगण्याची भाषा ही पाऊस-वाऱ्यासारखी आपोआप आलेली नाही. ती माणसांनी बसून ठरवली. कोणत्या आज्ञेला कोणते नाव द्यायचे, किती आकडे मागायचे, चुकले तर यंत्राने काय बोलायचे, हा प्रत्येक निर्णय कोणीतरी घेतला आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर शिकणारे पोर होते त्यांनी उंबरठा ठेंगणा ठेवला. ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त यंत्र होते त्यांनी तो उंच केला. पोर अडखळले तर दोष दर वेळी पोराच्या पायाचा नसतो, हे आईबापांना कळावे म्हणून हा लेख. चित्र काढण्याच्या आज्ञांत हा फरक सर्वांत लवकर दिसतो. म्हणून तेवढ्याच आज्ञा आज घेऊ.

प्लॉट ८५ म्हणजे काय?

१९८१ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक निघाला. एकॉर्न कंपनीने तो बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवला होता. हेच यंत्र पुढे आपल्या देशात आले. १९८४-८५ साली भारत सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांत ही यंत्रे ठेवली. म्हणजे भारतातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी शाळेत पाहिलेला पहिला संगणक हाच.

त्यावर 'बेसिक' ही भाषा चाले. नवशिक्यांसाठी म्हणून ती १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमाउथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी तयार केली होती. बीबीसी मायक्रोवरच्या बेसिकमध्ये रेघ काढण्याचे शब्द चांगले होते. 'मूव्ह' म्हणजे न काढता त्या जागी जा, 'ड्रॉ' म्हणजे काढत काढत जा. इथवर कोणालाही कळेल. पण रंगाने भरलेला त्रिकोण हवा असेल तर? आधी दोन टोकांवर जायचे आणि मग लिहायचे 'प्लॉट ८५'. नुसता ठिपका हवा तर 'प्लॉट ६९'. या ८५ चा त्रिकोणाशी काय संबंध? यंत्राच्या पोटातल्या हिशेबाशी आहे, मुलाच्या डोक्यातल्या त्रिकोणाशी काही नाही. मुलाने तो आकडा पाठ करायचा, नाहीतर पुस्तक उघडून बसायचे. वर्तुळासाठी तर सुरुवातीच्या या यंत्रात आज्ञाच नव्हती. साइन-कोसाइन वापरून एकेक बिंदू काढावा लागे. गोल काढण्यासाठी आधी वरच्या वर्गाचे गणित यायला हवे, असा हा उंबरठा.

१९८२ साली ब्रिटनमध्येच सिंक्लेअरचा 'स्पेक्ट्रम' हा स्वस्त संगणक आला. त्याने रंगांची नावे फार शहाणपणाने ठेवली. मागचा रंग म्हणजे 'पेपर', लिहिण्याचा रंग म्हणजे 'इंक'. कागद आणि शाई! वही-पेन पाहिलेल्या कोणत्याही मुलाला ते समजेल. वर्तुळासाठी 'सर्कल' होते. मध्यबिंदू आणि त्रिज्या सांगितली की झाले. पण 'ड्रॉ' या शब्दाचा अर्थ इथे निराळा. बीबीसी यंत्रावर 'ड्रॉ १००, ०' म्हणजे १००, ० या ठिकाणापर्यंत रेघ. स्पेक्ट्रमवर तीच आज्ञा म्हणजे आहे तिथून १०० उजवीकडे रेघ. शब्द एक, आकडे तेच आणि चित्र दोन! एका यंत्रावर शिकून दुसऱ्यावर बसलेल्या मुलाचे चित्र वाकडे आले तर चूक कोणाची म्हणायची?

जमिनीवरचे कासव

आता दुसरी गोष्ट ऐका. १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत मुलांसाठी एक भाषा तयार झाली. वॉली फॉयर्झिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ही तिच्या कर्त्यांतली प्रमुख नावे. भाषेचे नाव 'लोगो'. ग्रीक भाषेत 'लोगॉस' म्हणजे शब्द, विचार.

यातले पॅपर्ट १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे जन्मले. गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीला त्यांनी विद्यार्थिदशेतच विरोध केला. पुढे जिनिव्हाला झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काम केले. मूल कसे शिकते, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९८० साली त्यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक निघाले. २०१६ साली ते वारले.

लोगोमध्ये सुरुवातीला चित्रे नव्हती, शब्दांचे आणि वाक्यांचे खेळ होते. थोड्याच वर्षांत तिच्यात कासव आले. हे कासव म्हणजे चाकांवर चालणारे लहानसे यंत्र, वर घुमटासारखी पाठ आणि पोटाखाली पेन. जमिनीवर कागद पसरायचा आणि कासवाला सांगायचे : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, पेन खाली, पेन वर. ते चालेल तशी रेघ उमटे. कासव हे नाव ग्रे वॉल्टर यांच्या यंत्रांवरून आले. ब्रिटनच्या या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशी चालती यंत्रे बनवून त्यांना कासवे म्हटले होते. पुढे हे कासव जमिनीवरून संगणकाच्या पडद्यावर गेले.

या शब्दांत एवढे काय आहे? हे शब्द मुलाच्या अंगात आधीच असतात. पडद्यावरची जागा दोन आकड्यांनी सांगायची तर आलेखाचे गणित यावे लागते. 'पुढे दहा पावले, मग उजवीकडे फिर' हे मात्र चालता येणाऱ्या प्रत्येक मुलाला कळते. अडले तर मुलाने स्वतः उठून कासवासारखे चालून पाहावे, असे पॅपर्ट सांगत. उत्तर पायांना सापडते.

घरी संगणक नसला तरी हा खेळ आजच होईल. फरशीवर खडूने एक खूण करा. मुलाला कासव करा आणि आपण आज्ञा द्या : पुढे ५ पावले, उजवीकडे ९० अंश, असे चार वेळा. मूल जिथून निघाले तिथेच परत येईल आणि चौरस पुरा होईल. ९० अंश कसा दाखवायचा? घरात गवंडी किंवा सुतार असेल तर त्यांचा गुण्या आणा. 'भिंत गुण्यात आहे' असे गवंडी म्हणतो, तोच हा कोन.

आता तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण सांगा. शाळेत शिकलेला मुलगा म्हणेल, त्रिकोणाचा कोन ६०, म्हणून फिर ६०. तसे केले तर त्रिकोण मिटत नाही. कासवाला फिरावे लागते १२०. कारण आतला कोन ६० असला तरी चालणारा बाहेरच्या कोनाने फिरतो. कोणत्याही साध्या आकृतीभोवती एक पूर्ण फेरी मारली की एकूण फिरणे ३६० अंश होते. चौरसाला ९० चार वेळा, त्रिकोणाला १२० तीन वेळा, पंचकोनाला ७२ पाच वेळा, षट्कोनाला ६० सहा वेळा. आणि 'पुढे १, उजवीकडे १' हे ३६० वेळा केले की गोल! साइन नाही, कोसाइन नाही. बीबीसी यंत्रावर ज्या गोलासाठी वरच्या वर्गाचे गणित लागत होते, तो इथे चौथीच्या मुलाला येतो. गोल तोच, शब्द बदलले.

मुलाने स्वतः ठेवलेले नाव

लोगोची सर्वांत मोठी देणगी आम्हाला वाटते ती वेगळीच. त्या भाषेत 'टू' म्हणून एक शब्द आहे. 'टू स्क्वेअर' असे लिहून चौरसाची कृती सांगितली की कासव 'स्क्वेअर' हा नवा शब्द शिकते. पुढे नुसते 'स्क्वेअर' म्हटले की चौरस तयार. हे नाव कोणी ठेवले? मुलाने. त्याने 'चौरस' ठेवावे, 'खोली' ठेवावे, नाहीतर आपल्या बहिणीचे नाव ठेवावे, कासवाची तक्रार नसते. मग चौरस आणि त्रिकोण जोडून 'घर' हा शब्द, दहा घरांची 'चाळ' हा शब्द. मूल भाषा नुसती पाठ करत नाही, तिच्यात भर घालते.

नाव ठेवणे ही लहान गोष्ट नाही. आजवर शिकवणाऱ्याने शब्द द्यायचा आणि शिकणाऱ्याने तो उचलायचा, अशीच रीत. इथे शिकणारा देतो आणि यंत्र उचलते. ज्या मुलाला वर्गात हात वर करायची भीती वाटते, त्याच्यासाठी हा केवढा बदल आहे, याचा विचार करा.

आणि चुकले तर? इथेही भाषेचा स्वभाव दिसतो. चुकीचा शब्द लिहिला की बीबीसी यंत्र एकच शब्द दाखवी, त्याचा अर्थ 'चूक'. स्पेक्ट्रम तर त्याला 'निरर्थक' म्हणे. लोगो मात्र म्हणे, 'हे कसे करायचे ते मला माहीत नाही.' फरक पाहा. पहिली दोन यंत्रे मुलाला दोष देतात. तिसरे न येण्याचा कमीपणा स्वतःकडे घेते आणि जणू सांगते, तू मला शिकव. घरात आणि शाळेत 'तुला काही येत नाही' हे ऐकून मोठे झालेल्या मुलासमोर कोणते वाक्य यावे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आजच्या भाषांत काय आहे?

आज मुलांसाठी सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते 'स्क्रॅच'चे. ती २००७ साली अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने सर्वांसाठी खुली केली. रेझनिक हे पॅपर्ट यांच्याबरोबर काम केलेले. स्क्रॅच फुकट आहे, त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. तिच्यात आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. न बसणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्पेलिंग चुकण्याची भीती संपते. फिरण्याच्या ठोकळ्यावर डावे-उजवे असे शब्द न लिहिता गोल बाण काढला आहे. लहान मुले डावे-उजवे यांत गोंधळतात, बाणात गोंधळत नाहीत. पडद्याचा मध्य हा शून्य आणि वर गेले की आकडा वाढतो, शाळेतल्या आलेखासारखाच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या नव्या आवृत्तीपासून पेनचे ठोकळे समोर दिसत नाहीत. डावीकडे अगदी खालच्या कोपऱ्यातले बटण दाबून 'पेन' जोडून घ्यावे लागते. पहिल्यांदा उघडल्यावर ठोकळ्यांची गर्दी नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण रेघ काढायला आलेले मूल पेनच शोधत बसते, ही त्याची किंमत.

भाषेचा विचार स्क्रॅचने चांगला केला आहे. ठोकळ्यांवरचे शब्द सत्तरहून अधिक भाषांत मिळतात. जपानीचे तर दोन पर्याय आहेत. एक नेहमीच्या लिपीत आणि दुसरा फक्त सोप्या अक्षरांत, ज्यांना अजून अवघड चित्रलिपी वाचता येत नाही त्या बालकांसाठी. आणखी एक बारकावा. इंग्रजीत 'चाल १० पावले' असा क्रम येतो, तर जपानीत '१० पावले चाल'. आपल्या मराठीचा क्रमही तोच. चांगली रचना आकड्याची जागा त्या त्या भाषेप्रमाणे हलवते, मुलाला उलटे बोलायला लावत नाही. नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मन्स यांनी २०२० साली काढलेली 'हेडी' ही भाषा याच वाटेने पुढे गेली. तिच्यात टाईप करायच्या आज्ञाही अरबीसारख्या इतर भाषांत लिहिता येतात, आणि अवघड नियम पायरीपायरीने येतात. याची सुरुवात लोगोनेच केली होती. फ्रान्समधली मुले कासवाला 'फॉरवर्ड' नव्हे, त्यांच्या फ्रेंच भाषेत 'आव्हान्स' म्हणत.

याउलट ठेच कुठे लागते तेही सांगतो. २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी 'प्रोसेसिंग' सुरू केली. चांगली भाषा आहे. रंग भरायला 'फिल', कडेच्या रेघेला 'स्ट्रोक'. पण तिच्यात बरीच वर्षे गोलासाठी 'एलिप्स' म्हणजे लंबवर्तुळ हाच शब्द होता, आणि रुंदी-उंचीचा सारखाच आकडा दोनदा द्यावा लागे. गणिताने ते बरोबर, कारण वर्तुळ हा लंबवर्तुळाचाच एक प्रकार. पण मूल आधी गोल शिकते, लंबवर्तुळ नंतर. पुढे 'सर्कल' आणि 'स्क्वेअर' हे शब्द तिच्यात घातले गेले, हे चांगले झाले. शून्य मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, आणि आकडा वाढला की आकृती खाली उतरते. आलेख शिकलेले मूल इथे थबकतेच. त्याला आधीच सांगून ठेवावे.

'पायथन' या भाषेतही कासव आहे. तिथे रंगाचा शब्द अमेरिकन स्पेलिंगने लिहावा लागतो. आपल्या शाळेत 'कलर' या शब्दात 'यू' हे अक्षर शिकवतात, अमेरिकेत ते गाळतात. पोराने शाळेतले बरोबर स्पेलिंग लिहिले की यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी पोर मूर्ख नाही, हे सांगायला कोणीतरी शेजारी हवे.

मराठीत शब्द ठेवायचे तर

उद्या कोणी मराठी मुलांसाठी अशी भाषा केली तर नावे कशी असावीत? इंग्रजी काढून जडबोजड संस्कृत बसवले तर दाराला फक्त दुसरे कुलूप लागेल. 'पुढे' आहे तर 'अग्रेसर' कशाला? 'पेन वर' आहे तर 'लेखणी-उत्थापन' कशाला? पेन हा शब्द आता आपलाच आहे.

पण सोपा शब्द खराही हवा. रिक्षावाल्याला 'उजवीकडे वळ' म्हटले की तो वळून पुढे जातो. कासव मात्र जागेवरच फिरते, सरकत नाही. म्हणून 'वळ' पेक्षा 'फिर' बरा. घरी आपण सर्रास 'चौकोन' म्हणतो, पण शाळेच्या पुस्तकात चार बाजूंची कोणतीही आकृती म्हणजे चौकोन. सारख्या बाजूंचा आणि काटकोनाचा तो 'चौरस'. आज्ञेला चौरसच म्हणावे, म्हणजे दोन्हीकडे गोंधळ होणार नाही. 'गोल' आणि 'वर्तुळ' मात्र दोन्ही चालू द्यावेत. एक घरचा, दुसरा शाळेचा, अर्थ एकच. ही नावे ठरवताना शेजारी आठ-दहा वर्षांची मुले बसलेली असावीत. त्यांनी न विचारता वापरला तो शब्द पास.

आईबापांनी काय करावे?

मुलाला क्लासला घालण्याआधी, पैसे भरण्याआधी, तीन प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी मूल स्वतः काय काढेल? ते स्वतःच्या नावाची आज्ञा कधी बनवेल? आणि चुकले की समजावणार कोण, कोणत्या भाषेत? उत्तर देताना समोरचा चाचरला तर पैसे पिशवीतच राहू द्या. स्क्रॅच फुकट मिळते, आणि शाळेतला, वाचनालयातला किंवा ओळखीच्या घरचा एखादा जुना संगणक पहिल्या कासवाला पुरतो.

इंग्रजी नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती शिकलीच पाहिजे, पुढच्या कामाला ती लागेल. पण इंग्रजी येईपर्यंत विचार करणे थांबवायचे, हे आम्हाला मान्य नाही. बाजू, कोन, क्रम, पुन्हापुन्हा करणे, हे सारे आपल्या मुलांना आपल्या भाषेत आजच कळते. रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या मुलीला ते कळते, बापाच्या हाताखाली विटांचे थर मोजणाऱ्या मुलालाही कळते.

येत्या रविवारी खडू घ्या, फरशी झाडा आणि घरातल्या लहानग्याला म्हणा, "आज कासव मी. तू मला चालव." मूल आज्ञा देईल, आपण चाला. आज्ञा कळली नाही तर 'तू चुकलास' म्हणू नका. 'हे मला येत नाही, शिकव' म्हणा. मग त्याने केलेल्या आकृतीला नाव ठेवायला सांगा, आणि ते नाव वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या.